स्वीडनमध्ये जेवायचं तर आधी घड्याळ पाहा

स्टॉकहोममधल्या पहिल्याच संध्याकाळी मी एका साध्याशा हॉटेलात मीटबॉल मागवले. बिल झालं २६५ क्रोना, आणि सोबत नळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेबाराला त्याच दारावरून जात होतो, तर बाहेर फळा लावलेला: आजचं जेवण १४५. आत तेच मीटबॉल, तोच लाल मुरंबा, शिवाय सॅलड हवं तेवढं, ब्रेड-लोणी आणि वर कॉफी. आदल्या रात्री माझं हॉटेल चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती.

स्वीडनमध्ये बाहेर खाणं महाग आहे, हे खरं. तिथलं जेवण अळणी असतं, हेही आपल्याकडून जाऊन आलेले बरेच जण सांगतात. दोन्ही तक्रारींवर औषध एकच. तिथे काय खायचं हे मेनूकार्डापेक्षा घड्याळ आणि कॅलेंडर जास्त ठरवतं. गुरुवारी काय, फेब्रुवारीत काय, ऑगस्टमध्ये काय, हे स्वीडिश माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. आपल्याला नाही का कुणी सांगावं लागत, की चतुर्थीला मोदक आणि होळीला पुरणपोळी! ते वेळापत्रक धरून जेवलात तर खिशाला झेपतं आणि पदार्थही त्याच्या ऐन भरात मिळतो. पुढच्या किमती मोठ्या शहरांतल्या आणि ढोबळ आहेत. मनातल्या मनात हिशेब करायचा तर क्रोनाला दहाने गुणा, रुपयांचा ढोबळ अंदाज येईल.

निघण्याआधी: मांसाची नावं पाठ करा

वेटरपासून बसचालकापर्यंत बहुतेकांना चांगलं इंग्रजी येतं, त्यामुळे बोलण्याची अडचण नाही. अडचण असते खडूने लिहिलेल्या फळ्याची. फोनवरचं भाषांतराचं ॲप फोटोवरून शब्द उलगडतं, पण पदार्थांच्या नावांपुढे तेही हात टेकतं. 'यान्सनचा मोह' असं भाषांतर वाचून त्यात मासे आहेत हे कुणाला कळणार?

म्हणून काही शब्द कानात बसवून घ्या. 'फ्लॅस्क' म्हणजे डुकराचं मांस. पाण्याची बाटली समजून मागवू नका. 'शिंका' म्हणजे हॅम, तेही डुकराचंच. एकदा ऐकलं की मराठी माणूस हा शब्द विसरत नाही. 'नॉत' म्हणजे बीफ, 'काल्व' वासराचं मांस, 'लाम' कोकरू, 'शिकलिंग' कोंबडी, 'कॉर्व' सॉसेज, 'रेन' रेनडिअर आणि 'एल्य' म्हणजे ते भलंमोठं शिंगांचं एल्क. माशांत 'लाक्स' म्हणजे सामन, 'सिल' म्हणजे हेरिंग आणि 'रेकुर' म्हणजे कोळंबी. सगळ्यांत महत्त्वाचा शब्द 'ब्लान्दफॅर्श', म्हणजे बीफ आणि पोर्क एकत्र केलेला खिमा. तिथले बहुतेक मीटबॉल याचेच असतात. नवी मुंबईच्या आयकियात खाल्लेले चिकनचे मीटबॉल डोक्यात ठेवून स्वीडनमध्ये निर्धास्तपणे ऑर्डर दिलीत तर ताटात वेगळंच काही येईल. गाय किंवा डुक्कर वर्ज्य असेल तर दर वेळी विचारा. विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही. ॲलर्जीमुळे असे प्रश्न तिथे रोज विचारले जातात, आणि पदार्थात काय आहे हे सांगणं हॉटेलवर बंधनकारक आहे.

पावणेबारा: दागेन्स लंच

दिवसाचं मुख्य जेवण दुपारीच उरका. सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दीड-दोन या वेळात 'दागेन्स लंच' किंवा 'दागेन्स रेत' अशी पाटी शोधा. अर्थ साधा, आजचं जेवण. १२० ते १६० क्रोनात संध्याकाळच्या निम्म्या पैशांत पोट भरतं. फळ्यावर आठवड्याच्या पाचही वारांचे पदार्थ लिहिलेले असतात आणि बहुतेक ठिकाणी एक शाकाहारी पदार्थही असतो. एक वाजता रमतगमत जाऊ नका. स्वीडिश ऑफिसं साडेअकरालाच जेवायला उठतात. एकपर्यंत भांड्यांचा तळ दिसू लागतो आणि सॅलडमधली बीटं तेवढी उरतात.

पद्धत अशी. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे. मग ट्रे, काटा-सुरी, पेला उचलायचा. सॅलड, ब्रेड, लोणी आपलं आपण घ्यायचं, आणि तेही पुन्हा घेता येतं. गरम पदार्थ काउंटरवरून वाढून मिळतो. तो एकदाच, बुफे असेल तर गोष्ट वेगळी. पाणी किंवा हलकी बिअर बहुतेक वेळा त्याच पैशांत. जेवण झालं की कोपऱ्यातल्या थर्मासमधून कॉफी घ्यायची, शेजारी एखादं बिस्किटही असतं. शेवटचं काम मात्र विसरू नका. आपला ट्रे आपणच रॅकवर नेऊन ठेवायचा. अनेक ठिकाणी खरकटं एका डब्यात, पेले एकीकडे, काटे-चमचे दुसरीकडे असं वेगळंही करावं लागतं. टेबलावर ताट तसंच सोडून उठलात तर कुणी बोलणार नाही, पण बघतील सगळे.

जागा निवडताना एक साधा ठोकताळा चालतो: आजूबाजूला ऑफिसं असतील तर लंच चांगलं. पर्यटकांच्या गल्लीत ते महाग आणि उगाच सजवलेलं असतं. संग्रहालयांच्या उपाहारगृहांकडे लोक काणाडोळा करतात, पण तिथलं दुपारचं जेवण बऱ्याचदा उत्तम निघतं. शनिवार-रविवारी दागेन्स लंच सहसा नसतं, त्याची जागा महागडा ब्रंच घेतो. तेवढं धरूनच आठवडा आखा.

ताटाची डावी बाजू

आता काय खायचं ते. 'हूसमान्सकॉस्त' हा शब्द दिसला की थांबा. साधं, घरगुती, पोटभरीचं जेवण असा त्याचा अर्थ, आपल्या 'घरगुती खानावळ' या पाटीसारखा. सुरुवात 'शॉटबुल्लार'पासून करा, म्हणजे मीटबॉल. सोबत बटाट्याचा लोणी घातलेला लगदा, सायीची तपकिरी ग्रेव्ही, लिंगोन नावाच्या आंबट लाल बोरांचा मुरंबा आणि 'प्रेसगुर्का'.

इथेच आपली माणसं चुकतात. मीटबॉल आधी नुसता खातात, 'मीठ-मिरी सोडून यात काहीच नाही' म्हणतात, आणि मुरंबा गोडाचा समजून शेवटी चाटतात. हे ताट आपल्या ताटासारखं वाचायला हवं. लिंगोन ही डावीकडची चटणी. प्रेसगुर्का म्हणजे काकडीची कोशिंबीरच: कागदासारख्या पातळ चकत्या दाबून पाणी काढायचं, मग व्हिनेगर, साखर, पाणी आणि वर अजमोद्याची पानं. प्रत्येक घासाला मीटबॉलचा तुकडा, थोडा लगदा, काट्याच्या टोकावर लिंगोन आणि एक चकती, असं सगळं एकत्र तोंडात गेलं पाहिजे. मग सायीचा जडपणा आंबटाने कापला जातो आणि पदार्थाला अर्थ येतो. लाल मिरची शोधू नका. तिथला झणका मोहरीत आणि 'पेप्पारूत' या किसलेल्या मुळात आहे, आणि तो जिभेला नाही, थेट नाकाला लागतो.

या 'राष्ट्रीय' पदार्थाचं मूळ कुठलं, यावर २०१८ मध्ये गंमत झाली. स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर केलं की मीटबॉलची कृती राजा बारावा कार्ल याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून आणली. रशियाकडून १७०९ मध्ये पोल्ताव्हाला हरल्यावर तो काही वर्षं ऑटोमन मुलखात आश्रयाला होता, तेवढं खरं. मीटबॉलबद्दल इतिहासकारांना खात्री नाही. 'कोलदोल्मार'चं नातं मात्र नावातच दिसतं: द्राक्षाच्या पानात सारण भरलेला तुर्की दोल्मा थंड देशात आला आणि कोबीच्या पानात गुंडाळला गेला. वर पाक, सोबत पुन्हा लिंगोन. मला विचाराल तर मीटबॉलपेक्षा हा पदार्थ सरस.

आणखी दोन नावं. 'पित्त इ पान्ना' हे नाव ऐकून घाबरू नका. उरलेलं मांस, बटाटा आणि कांद्याचे बारीक चौकोनी तुकडे परतून वर अंडं, बाजूला लोणच्याचं बीट. शिळ्या पोळीचा कुस्करा ज्यांना आवडतो त्यांना तो लगेच पटेल. 'राग्गमुंक' म्हणजे किसलेल्या बटाट्याचं, कडेला कुरकुरीत धिरडं. ते सहसा डुकराच्या तळलेल्या पट्ट्यांसोबत देतात, पण पट्ट्यांशिवाय नुसत्या लिंगोनबरोबर मागता येतं.

गुरुवार मोकळा ठेवा

आठवड्याभराच्या मुक्कामात एक दुपार राखून ठेवायची तर गुरुवारची. देशभर लंचच्या फळ्यांवर, शाळांत आणि सैन्याच्या भटारखान्यातसुद्धा गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. पिवळ्या सुक्या वाटाण्याचं, आपल्या रगड्याच्या जवळचं, घट्ट, थाइम किंवा मार्जोरम घातलेलं 'ऍर्टसोप्पा'. ते पुढ्यात आलं की बशीच्या काठावर मोहरीचा गोळा काढायचा आणि चमच्या-चमच्याला थोडी थोडी मिसळत खायचं. मागोमाग पातळ पॅनकेक, जॅम आणि फेटलेली साय. कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोटाला तड लागेपर्यंत खाऊन घ्यायचं, अशी या प्रथेची सांगितली जाणारी कथा. पुढे धर्मपंथ बदलला, उपास गेला आणि सूप राहिलं.

सुपात डुकराचे तुकडे असतात. बिनमांसाचं बऱ्याच ठिकाणी वेगळं ठेवतात, विचारून घ्या. जुन्या वळणाच्या हॉटेलात सोबत गरम 'पुन्श' मिळतं, अरक घातलेली गोड दारू. १७३१ मध्ये गोथेनबर्गला सुरू झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांबरोबर पूर्वेकडचा अरक तिथे रुळला. आणि राजा चौदावा एरिक १५७७ मध्ये कैदेत मेला तो विष घातलेल्या वाटाण्याच्या सुपाने, अशी आख्यायिका आहे. १९५८ मध्ये त्याची कबर उघडून तपासणी झाली तेव्हा शरीरात आर्सेनिक सापडलं. सूप सापडण्याचा प्रश्नच नव्हता.

गुरुवारचीच आणखी एक गोष्ट. स्टॉकहोमच्या जुन्या शहरात 'देन यिल्देने फ्रेदेन' हे १७२२ पासूनचं हॉटेल आहे. चित्रकार आंदेर्स झॉर्नने ते विकत घेतलं आणि पुढे स्वीडिश अकादमीला दिलं. साहित्याचं नोबेल ठरवणारी हीच ती अकादमी. तिचे सदस्य गुरुवारच्या बैठकीनंतर तिथेच जेवतात. तळघराच्या कमानींखाली बसायचं असेल तर आधी टेबल राखून ठेवा. खिशाला इतकी मोठी कात्री नको असेल तर सॉदरमाल्म भागातलं 'पेलिकान' बघा. जुन्या बिअर हॉलचं उंच छत, लाकडी भिंती, आणि ताटात खणखणीत हूसमान्सकॉस्त.

मासे: गोडाचा धक्का

कोकणातून किंवा गोव्यातून येणाऱ्याला स्वीडनच्या माशांचा वास परका वाटणार नाही. धक्का बसतो तो गोडीचा. 'सिल' म्हणजे खारवलेलं हेरिंग एक भाग तीव्र व्हिनेगर, दोन भाग साखर आणि तीन भाग पाणी अशा पाण्यात मुरवतात. घरोघरी हे 'एक-दोन-तीन' पाठ असतं आणि प्रेसगुर्कालाही बऱ्याचदा हेच प्रमाण. मग त्यात कुणी कांदा-गाजर घालतं, कुणी मोहरी, कुणी शेपू. मासा शिजवलेला नसतो, पण कच्चाही लागत नाही. पोत मुरलेल्या लोणच्याच्या फोडीसारखा.

पहिल्यांदा खाताना मोहरीतला घ्या, 'सेनापसिल'. मोहरी ओळखीची असल्यामुळे जीभ लवकर सरावते. नुसता तुकडा तोंडात टाकू नका. गरम उकडलेल्या बटाट्याची फोड, त्यावर थंड सिल, वर आंबट साय आणि चिरलेली चाइव्हज. एकीकडे 'क्नेक्केब्रॉद' या राय (rye) धान्याच्या कडक ब्रेडवर लोणी लावून 'व्हेस्टरबॉत्तेन' चीजचा काप. गरम-थंड, गोड-खारट, मऊ-कडक असं एकाच घासात सगळं येतं.

मुरवलेलं नकोच असेल तर 'स्तेक्त स्ट्रॉम्मिंग' मागा. बाल्टिक समुद्रातलं छोटं हेरिंग राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. आपली रव्यातली मांदेली आठवेल, तिखट-हळद तेवढी वजा. स्टॉकहोमच्या स्लुस्सेन भागात याची गाडी प्रसिद्ध आहे, कडक ब्रेडवर घालून देतात. 'ग्रावाद लाक्स' म्हणजे मीठ, साखर आणि शेपूत मुरवलेला सामन. नावातला 'ग्राव' म्हणजे खड्डा, कारण पूर्वी मासा जमिनीत पुरून मुरवत. आणि एकदा तरी 'टोस्ट स्कागेन' खा: लोण्यात परतलेल्या ब्रेडवर मेयोनेज आणि शेपूतली कोळंबी, वर नारिंगी गाबोळी. आचारी टूरे व्रेतमानने १९५०च्या दशकात तो लोकप्रिय केला. वरची गाबोळी उत्तरेकडच्या कालिक्सची असेल तर किंमत लगेच चढते.

हे सगळं एका जागी चाखायचं ठिकाण म्हणजे स्मॉर्गोसबूर्द, थंड-गरम पदार्थांचा मोठा बुफे, आणि त्याचा डिसेंबरातला अवतार 'यूलबूर्द'. पैसे बरेच मोजावे लागतात आणि जागा आधीच धरावी लागते, म्हणून खाण्याचा क्रम समजून जा. पहिली फेरी फक्त सिल आणि बटाटा. दुसरी इतर मासे. तिसरी थंड मांस आणि सॅलड. चौथी मीटबॉल वगैरे गरम पदार्थ. मग चीज, गोड. प्रत्येक फेरीला नवी ताटली. लग्नाच्या बुफेतल्यासारखा एकाच ताटात डोंगर रचलात, की सिलचं गोड पाणी मीटबॉलखाली शिरतं आणि दोन्ही वाया जातात.

तीन वाजता: फीका

'फीका' म्हणजे कॉफी, सोबत काहीतरी भाजलेलं, आणि दहा-पंधरा मिनिटं गप्पा. 'काफ्फी' या जुन्या शब्दाची अक्षरं उलटी करून तो बनला. अर्थात कॉफी फिकी मुळीच नसते. चांगली कडक असते, आणि बऱ्याच ठिकाणी दुसरा कप फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतो. त्याला 'पोतोर' म्हणतात. कामानिमित्त गेलात, पुण्याहून गोथेनबर्गला किंवा बंगळुरूहून स्टॉकहोमला, तर ऑफिसचा फीका चुकवू नका. मीटिंगमध्ये गप्प बसणारी माणसं तिथे बोलतात.

सोबत काय घ्यायचं? दालचिनीचा बन सगळे घेतात, तुम्ही वेलचीचा घ्या: 'कार्देमुम्माबुल्ले'. आपण वेलची श्रीखंडात किंवा पुरणात पूड करून घालतो, ती दिसत नाही, नुसती वास देते. तिथे ती जाडसर भरडतात. गाठ मारल्यासारख्या वळलेल्या बनच्या घड्यांत लोणी-साखरेबरोबर ते काळे कण भरलेले असतात. घास चावताना ते दाताखाली येतात आणि तोंडात गारवा सुटतो. इतकी वेलची आपणही एका पदार्थात घालत नाही. बन हाताला कोमट लागला तरच घ्या, संध्याकाळचा उरलेला कोरडा होतो.

स्टॉकहोममध्ये जुन्या पद्धतीचं 'कोंदितोरी', म्हणजे केक-बनांचं कॅफे, पाहायचं तर १९२८ पासूनचं व्हेते-कात्तेन. गोथेनबर्गच्या हागा भागात ताटलीएवढे बन मिळतात, ते दोघांत एक पुरे.

ख्रिसमस आटोपला की दुकानांत 'सेम्ला' येते. वेलचीचा बन वरून कापून आत बदामाचं सारण, वर फेटलेली साय, आणि कापलेली टोपी पुन्हा डोक्यावर. खरा दिवस 'फेतीसदाग', ईस्टरच्या उपासाआधीचा मंगळवार. राजा आडोल्फ फ्रेद्रिक १२ फेब्रुवारी १७७१ रोजी, नेमक्या याच सणाच्या दिवशी, लॉब्स्टर, कॅव्हिआर आणि शॅम्पेनच्या जेवणानंतर गरम दुधातल्या चौदा सेम्ला खाऊन मेला असं सांगतात. चौदाचा आकडा कुणी मोजला कोण जाणे. तुम्ही एक घ्या, आणि जेवणानंतर नको, जेवणाऐवजी घ्या.

शाकाहारी असाल तर

उपाशी मुळीच राहणार नाही, शहरांत शाकाहारी-व्हीगन पदार्थ सगळीकडे आहेत. फलाफल आणि पिझ्झावर दिवस काढता येतात. (पिझ्झाबरोबर व्हिनेगरमधल्या कोबीची कोशिंबीर फुकट मिळते, ती सोडू नका.) पण प्रश्न पारंपरिक खाण्याचा आहे, आणि तिथे तीन सापळे आहेत.

पहिला, मघाचा यान्सन. 'यान्सन्स फ्रेस्तेल्से' दिसतो बटाटा, कांदा आणि सायीचा सोनेरी भाजलेला थर. मी तो खुशाल एका शाकाहारी मित्राच्या ताटात वाढला होता. पहिल्या घासाला त्याचा चेहरा पाहिला आणि चूक कळली. आत खारवलेल्या छोट्या माशांच्या पट्ट्या विरघळलेल्या असतात. दुसरा सापळा न्याहारीचा: उकडलेल्या अंड्यावर गुलाबी नक्षी दिसली तर ती निळ्या ट्यूबमधली कॉड माशाची गाबोळी. तिसरा गोळ्या-मिठाईचा, कारण त्यात अनेकदा जिलेटिन असतं. काटेकोर पाळणाऱ्यांनी चीजबद्दलही विचारावं. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं.

आता खाण्यासारखं. लिंगोनबरोबर राग्गमुंक. व्हेस्टरबॉत्तेन चीजचा भाजलेला 'पाय' (इंग्रजीतला pie). ही दोन्ही अंडं चालत असेल तर. शरद ऋतूत लोण्यात परतलेल्या पिवळ्या कांतारेल अळंब्यांचा टोस्ट, ज्यासाठी मी मांस सोडायलाही तयार होईन. न्याहारीला 'फीलम्योल्क', आपल्या पातळसर दह्याचं भावंड. डिसेंबरात दालचिनी घातलेली तांदळाची खीर.

आणि एक पदार्थ खास मराठी माणसासाठी: 'काल्वदान्स'. शब्दशः अर्थ 'वासराचा नाच'. नुकत्याच व्यायलेल्या गायीचं पहिलं दूध, साखर आणि मसाला घालून भट्टीत लावतात. अहो, हा खरवसच! हॉटेलात तो क्वचितच दिसतो, कारण चीक मिळायला गावाकडे ओळख लागते, आणि ही अडचणही आपल्यासारखीच. एखाद्या शेतावरच्या दुकानात पाटी दिसली तर गाडी थांबवा. नाहीच मिळाला तर स्मोलांड प्रांतातलं 'ऊस्तकाका' घ्या. दूध फाडून भाजलेलं, कोमट, वर जॅम आणि साय. खरवसाची भूक त्यावर भागते.

संध्याकाळ, पैसे आणि पेला

संध्याकाळी हॉटेलात जायचंच असेल तर शुक्रवार-शनिवारी टेबल राखून जा. मुख्य पदार्थ २२० ते ३५० क्रोना. स्वयंपाकघर नऊ-दहाला बंद होतं, आपल्यासारखं साडेदहाला 'चला जेवायला' चालत नाही. पाण्याची बाटली घेऊ नका. 'क्रानवात्तेन' म्हणा, नळाचं पाणी मिळेल. ते फुकट असतं आणि उत्तम असतं. कार्ड सगळीकडे चालतं, रोख रक्कम मात्र अनेक ठिकाणी घेतच नाहीत. लोक फोनवरून 'स्विश' करताना दिसतील, पण त्याला तिथलं बँक खातं लागतं, तेव्हा पाहुण्याने कार्डावर भिस्त ठेवावी. कर किमतीतच धरलेला असतो. टीप सक्तीची नाही. लंचला कुणी देत नाही, रात्री सेवा आवडली तर पाच-दहा टक्के. कार्डाच्या यंत्रावर रक्कम स्वतः टाकायला सांगतात तेव्हा बावरू नका, बिलाचीच रक्कम टाकली तरी चालते.

दारू हॉटेलात अठराव्या वर्षापासून. घरी न्यायची तर सरकारी 'सिस्टेमबोलागेत' दुकानातून, तिथे वीस पूर्ण हवीत. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास ते बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. शनिवारी संध्याकाळी कुणाकडे जेवायला बोलावलं असेल आणि वाइन न्यायची असेल तर शुक्रवारीच उरका.

मंडई आणि गाडी

बजेट घट्ट असेल त्या दिवशी सॉसेजच्या टपरीवर 'तुनब्रॉदरुल्ले' घ्या. पातळ भाकरीत सॉसेज, बटाट्याचा लगदा, कांदा, कोळंबीचं सॅलड असं सगळं गुंडाळून हातात देतात. उभ्यानेच, खाली वाकून खायचं, नाहीतर शर्ट गेला. मंडईत हिंडायचं तर स्टॉकहोमची १८८८ सालची ऑस्टरमाल्म्स सालुहाल, विटांची देखणी इमारत, भाव मात्र झोंबणारे. गोथेनबर्गची १८७४ ची मासळी मंडई चर्चसारखी दिसते, म्हणून तिचं नावच 'फेस्केशोर्का', मासळीचं चर्च. दाराशी नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र असेल तर आधी चिठ्ठी घ्या. रांगेत आपण पहिले दिसत असलो तरी चिठ्ठीशिवाय आपण रांगेत नसतोच.

महिना पाहून

तिकिटाची तारीख हातात असेल तर तुमच्या वाट्याला काय येईल ते बघा. २५ मार्चला वाफल: 'आपल्या माउलीचा (म्हणजे मेरीमातेचा) दिवस' या सणाचं नाव बोलताना घसरत 'वाफलचा दिवस' झालं आणि लोकांनी ते आनंदाने पाळलं. जूनच्या उत्तरार्धात मिडसमरचा सण: नवे बटाटे, सिल, स्ट्रॉबेरी. पण मिडसमरच्या शुक्रवारी शहरं सुनसान होतात आणि हॉटेलं बंद, खाणं आदल्या दिवशी भरून ठेवा. २४ डिसेंबरलाही तेच. जुलैत शहरांतली बरीच छोटी हॉटेलं तीन-चार आठवडे सुट्टीवर जातात, तेव्हा फोन करून जा. ऑगस्टात शेपूत उकडलेले थंड खेकड्यासारखे क्रेफिश, कागदी टोप्या आणि गाणी. हाताने फोडून रस चोखायचा असतो, आपल्याला शिकवावं लागत नाही. ४ ऑक्टोबर दालचिनीच्या बनचा दिवस. १३ डिसेंबरला लुसियाचा सण, तेव्हा केशराचे पिवळे बन. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी उत्तरेकडे योकमोकला सामी या तिथल्या आदिवासी लोकांचा बाजार भरतो, १६०५ पासूनचा. तिथे धुरावलेलं रेनडिअर मिळतं, आणि गरम कॉफीत बुडवलेलं चीजही.

आणि ते फुगलेले डबे

ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी 'सूरस्ट्रॉम्मिंग' बाजारात येतं. कमी मिठात आंबवलेलं हेरिंग, ज्याच्या वासाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. व्हिडिओतली माणसं ते चुकीच्या पद्धतीने खातात: बंद खोलीत डबा उघडतात आणि अख्खा मासा तोंडात घालतात. नीट करायचं तर असं.

डबा फुगलेला असणारच. आत आंबणं चालू असतं, म्हणजे तो खराब नाही. डबा घराबाहेर न्या, वाऱ्याकडे पाठ करा, आणि बादलीतल्या पाण्याखाली धरून उघडा, नाहीतर आतलं पाणी कारंज्यासारखं उडतं. मासा धुऊन पोट साफ करा आणि मधला काटा ओढून काढा. पातळ भाकरीला सढळ हाताने लोणी लावा, त्यावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, बारीक चिरलेला कांदा, आंबट साय, आणि मग माशाचे दोनच छोटे तुकडे. गुंडाळी करून खा. वासाच्या मानाने चव सौम्य असते: खारट, आंबूस, सुकटीच्या चटणीच्या गावची. उत्तरेकडच्या 'उंच किनाऱ्या'वर हे कुणा घरच्याबरोबर खायला मिळालं तर भाग्य समजा. आठवण म्हणून डबा विमानात नेण्याचा विचार मनातून काढा. २००६ मध्ये दोन मोठ्या युरोपीय विमान कंपन्यांनी दाबाखालच्या वस्तू म्हणून त्यांवर बंदी घातली होती.

खाऊन झाल्यावर जॅकेट रात्रभर बाल्कनीत टांगा, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फीकाला ते घालून जाऊ नका.